आर्द्रा, वाहन मोर

इतवारीत, दोन किराणा दुकानांमधल्या बोळात
आमचं पंचांग छापलं जायचं
आणि मी त्याची मुद्रितं तपासायचो.
पौषातल्या थंडीत येत्या आषाढाचा पाऊस
माझ्या टेबलावर ओला येऊन पडायचा,
ओला म्हणजे शाईनं.

हिशेब सोपा. सूर्य नक्षत्र बदलतो त्या घटकेला
सूर्यापासून चंद्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं.
बाकी एक उरली तर घोडा, दोन उरली तर कोल्हा,
तीन बेडूक, पाच मोर, सात म्हैस,
काहीच उरलं नाही तर हत्ती.
म्हशीला डबकं आवडतं, म्हणून पाऊस भरपूर.
इतकंच.
त्या भागाकारात ढग कुठेच येत नाही.
अंबाझरी येत नाही, रत्नागिरीही येत नाही,
दोघींना मिळून एकच म्हैस.
गणित मात्र चुकलेलं मी कधी पाहिलं नाही.

एका वर्षी आर्द्रेची बाकी सात होती.
खिळे जुळवणाऱ्या निनाव्यांनी पाच वाचली,
त्यांच्या पोराला तेव्हा ताप होता,
आणि 'मोर' लावला.
मी तपासलं. सही केली.
बारा हजार प्रती.

कळलं ते ज्येष्ठात, कूलरसमोर बसून
विकायला न गेलेली प्रत चाळताना.
म्हैस म्हणजे धो धो, मोर म्हणजे मध्यम, तुटक.
कुणाला बोललो नाही.

आणि त्या आर्द्रेत आभाळ आलं,
थोडं नाचल्यासारखं केलं,
पिसारा मिटून भंडाऱ्याकडे निघून गेलं.
सीताबर्डीवर कुणाची चप्पल भिजली नाही.
काटोलहून कार्ड आलं : आपले पंचांग तंतोतंत, बाकी सर्व फसली.
मालकांनी ते काचेखाली ठेवलं,
संत्राबर्फी वाटली.
मी दोन खाल्ल्या.

सोनेगावच्या वेधशाळेत उद्धव वासनिक, माझा शाळासोबती,
रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी
काचेच्या मापात ओतायचा, वाकून
डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा.
त्याला एकट्याला सांगितलं. वाटलं होतं तितका तो हसला नाही.
"आमचंही चुकते ना बाप्पा. परवा मुसळधार म्हटलं,
पडला एक पॉइंट चार मिलिमीटर.
पण ते एक पॉइंट चार मी लिहिलं.
तुमच्या मोराखाली कोणी काय लिहिते?"

मग मी शिसपेन्सिल घेतली.
आकडे त्याचे, समास आमचा.
अकरा वर्षं : जमलं, नाही जमलं, अर्धं जमलं.
हा तिसरा रकाना फार फुगला,
त्यात काहीही मावायचं.
आमचा धंदा त्याच रकान्यात उभा होता
आणि माझा पगारही.

पाचपावलीचे डोमाजी हेडाऊ सूत रंगवायचे,
गल्लीभर वाळत घालायचे.
नक्षत्र लागलं की प्रेसच्या पायरीला सायकल टेकवून विचारायचे,
"काय आहे जी वाहन?"
त्यांना एकदा ते समास दाखवले.
मनातून मला त्यांचा चेहरा पडलेला पाहायचा होता.
त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली, परत दिली.
"मी तं सुतावर जातो. हवा दमट झाली
का बोटाले पहिले समजते. सूत मऊ पडते,
आभाळ भरायच्या आधी तासभर."

"मग विचारता कायले?"

सायकलची घंटी त्यांनी उगीच एकदा वाजवली.
"दुसरं कोण सांगते हो,
पुढच्या पंधरा दिवसात काय होईन म्हून?"

मघा लागल्या तेव्हाही आले.
मी पान काढलं. कोल्हा, म्हणालो.
बरं, म्हणाले,
आणि निळ्या पडलेल्या बोटांच्या चिमटीत
थोडी हवा धरून पाहिली.
सूत आत नेलं की राहू दिलं,
ते मी विचारलं नाही.
समासात त्याला जागा नव्हती.